पाणसळीतली वाळू

कानाची कामे दोन, ऐकणे आणि शरीराचा तोल सांभाळणे. हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. पहिल्या कामाला मी दोन तास देत असे. पडदा, त्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडं, पुढे गोगलगाईच्या शंखासारखी नळी, सगळं तक्त्यावर छडी ठेवून सांगायचं. दुसऱ्या कामाला अर्धं मिनिट. ‘तीन अर्धवर्तुळाकार नलिका, त्या तोल सांभाळतात, लिहून घ्या.’ परीक्षेत त्यावर सहसा प्रश्न येत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यापलीकडे काही येत नव्हतं.

मी कोल्हापूरकडची. लग्न होऊन रत्नागिरीजवळच्या वाडीत आले तेव्हा बी.एस्सी., बी.एड. होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. नवरा मुंबईत नोकरीला, मला इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला मिळालेलं, सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. त्यामुळे घरात मी आणि माझे सासरे अशी दोनच माणसं. त्यांना मी मामंजी म्हणत असे. इथल्या बोलण्यातले हेल माझ्या कानात बसायला वर्ष लागलं, आणि त्या वर्षात मामंजी माझ्याशी मुद्दाम सावकाश बोलत, जशी काही मी विलायतेहून आले होते.

मामंजी गवंडी होते. खाणीतून तासून आणलेला तांबडा जांभा दगड, म्हणजे चिरा, त्याच्या भिंती बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. दोन हत्यारांना ते कुणाला हात लावू देत नसत. एक ओळंबा, दोरीला टांगलेलं पितळी वजन, भिंत उभी सरळ आहे का ते सांगणारं. दुसरी पाणसळ, लाकडाच्या पट्टीत बसवलेली काचेची नळी. तिच्यातल्या पाण्याचा बुडबुडा मधोमध आला की चिरा सपाट बसला असं समजायचं.

तिसरं हत्यार त्यांचा कान. प्रत्येक चिऱ्यावर ते हातोडीचा दांडा मारून ऐकायचे. आत पोकळी असली की आवाज बद्द येतो म्हणे. मला वाटायचं, ही गवंड्याची ऐट असणार. एका रविवारी मी त्यांची परीक्षाच घेतली. त्यांना पाठमोरं बसवलं आणि अंगणातल्या बारा चिऱ्यांवर एकेक ठोका मारला. त्यांनी चौथा आणि नववा नापास केला.

“चवथ्यात मुंगळ्यांचा घर असंल,” ते म्हणाले.

मी हट्टाने चौथा फोडायला लावला. आत मुठीएवढी पोकळी होती आणि मुंगळेही होते. त्या दिवशी मी बराच वेळ कुणाला काही शिकवलं नाही.

शिमग्यात आमच्या वाडीत ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. नुसती येत नाही, नाचते. ढोल-ताशे वाजत असतात आणि माणसं पालखी खांद्यावर घेऊन गिरक्या घेतात, खाली बसतात, उठतात, पालखी डोक्यावर उचलून फिरवतात. पुढच्या दांड्याला वीसेक वर्षं मामंजी असायचे. साठीला आलेला माणूस देवीला खांद्यावर घेऊन भोवऱ्यासारखा फिरायचा आणि थांबला की जिथे थांबला तिथेच उभा. पाऊल बोटभरही सरकायचं नाही. वर्षभर भिंती बांधायच्या त्या पोटासाठी. पण हा खांदा त्यांचा जीव होता.

माझा या घरातला तो तिसरा शिमगा. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. दुपारी पालखी वरल्या घरी गेली. वरल्या घरात काकी राहायची, मामंजींच्याच वयाची. मामंजी तिला वैनी म्हणत. तिचा एकुलता मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी होता आणि आठ महिने त्याचं पत्र नव्हतं. पोस्टमन लांबून दिसला तरी ती हातातलं काम टाकून अंगणात येऊन उभी राहायची. तो नुसती मान हलवून पुढे जायचा.

काकीने देवीची ओटी भरली. मामंजी पालखीखाली वाकले, दांडा खांद्यावर घेतला, मान उजवीकडे वळवून वर बघितलं, आणि त्यांना एकदम झोल गेला. मागच्यांनी सावरली म्हणून पालखी राहिली. मामंजी गुडघ्यांवर आले. अंग थरथरत होतं, कपाळावर घाम. आणि डोळे! बुबुळं झटके देत एकाच अंगाला फिरत होती, पुन्हा पुन्हा, आपण होऊन. असे डोळे मी जिवंत माणसाचे कधी पाहिले नव्हते.

ढोल थांबले. कुणीतरी म्हणालं, “वारा आला.”

अंगात देव येतो त्याला इकडे वारा येणं म्हणतात. बायकांनी हात जोडले. एकीने पुढे होऊन मामंजींच्या कपाळाला कुंकू लावलं. काकी तशीच मातीत त्यांच्यासमोर बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “आय, माजा पोर येल काय गो घरी?”

मामंजी बोलले नाहीत. त्यांनी तिचा हात धरला. असा घट्ट धरला की तिच्या मनगटावर बोटांचे वळ उठले. अर्ध्या मिनिटाने डोळे निवळले आणि हात सुटला. काकी रडत होती, हसतही होती. “देवीनं हात धरलान माजा,” ती जो भेटेल त्याला वळ दाखवून सांगत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने पोस्टमनची वाट पाहणं सोडलं. आता तो येणारच, तर पत्राची काय गरज?

मी अंगणाच्या कडेला उभी होते. मामंजी सोंग तर करत नाहीत ना, असं क्षणभर माझ्या मनात आलं. त्याची मला अजून लाज वाटते.

गावच्या मानकऱ्यांनी बैठक घेऊन ठरवलं की ज्याच्या अंगात देवी येते त्याच्या खांद्यावर पालखीचं ओझं देऊ नये. पुढच्या वर्षापासून मामंजींनी पालखीच्या पुढे चालावं आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत. मान वाढला म्हणून वाडी खूश. मामंजींच्या घशाखाली घास उतरेना.

“देव आला तर माणसाला कळायला नको काय गो?” ते मला म्हणाले. “मना फकस्त अंगण फिरताना दिसला.”

“मग तसं सांगा की सगळ्यांना.”

“काय सांगू? देव नाय, तर काय व्हता ता? माजा मनाच ठावक नाय.” मग म्हणाले, “आणि वैनीला काय सांगू? ती माज्या हातावर इसवास ठेवून बसलीय. तिचा पोर नाय आला म्हंजे?”

खांदा गेल्याचं दुःख ते बोलून दाखवत नव्हते. पण काकीसमोरून जायला नको म्हणून ते आता खालच्या पाणंदीने लांबचा वळसा घालून जाऊ लागले. न दिलेला शब्द त्या माणसाच्या मानेवर बसला होता.

पंधरा दिवसांनी मिरजोळ्याला एका कुंपणभिंतीच्या कामावर परांचीवर उभं राहून ते ओळंब्याच्या दोरीकडे वर बघत होते, आणि सगळं पुन्हा फिरलं. शेजारच्या गड्याने सदरा धरला म्हणून वाचले. घरी आले, पाणसळ खुंटीला अडकवली आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर गेले नाहीत. आता त्यांनाच वाटायला लागलं की देवी कोपली.

मी त्यांच्यावर पाळत ठेवली. मास्तरीण असल्याचा तेवढा उपयोग होतो, मुलं काय करतात ते न बघता बघता येतं. मामंजींना फेरा यायचा तो खाटेवर उजव्या कुशीला वळताना, नाहीतर फळीवरचा डबा काढायला वर बघताना. डाव्या कुशीला कधीच नाही. बसून राहिले तर नाही. चालताना नाही. आणि प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटात निवळायचा.

“मामंजी,” मी म्हटलं, “देवीला उजवी बाजूच एवढी का आवडावी?”

ते रागावतील असं वाटलं होतं. पण ते माझ्याकडे बघत राहिले, जसे एखाद्या चिऱ्याकडे बघत, ठोका मारून झाल्यावर. “चल दाकतराकडे,” ते म्हणाले.

रत्नागिरीत कान-नाक-घशाचे एक डॉक्टर होते. कमी बोलणारे, चष्मा कपाळावर चढवून बसणारे. त्यांनी आधी लोखंडी चिमट्यासारखा नादकाटा टेबलावर आपटून मामंजींच्या कानाशी धरला, मग त्याचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं. मामंजी दोन्हीकडे ऐकत होते आणि डॉक्टरांच्याही आधी कुठला आवाज कधी विरला ते सांगत होते. “ऐकण्यात काही खोट नाही,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मामंजींना टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली, आणि काही कळायच्या आत त्यांना झपकन उताणं पाडलं, डोकं टेबलाच्या कडेच्या खाली लोंबतं ठेवून.

“डोळे मिटायचे नाहीत.”

दोन-तीन क्षण काहीच झालं नाही. मग मामंजींच्या हातांनी टेबलाची कड पकडली.

“बाई, तुम्ही विज्ञान शिकवता ना? इकडे या. डोळ्यांत बघा.”

मी वाकले. तेच डोळे, काकीच्या अंगणातले. बुबुळं एका अंगाला हळू सरायची आणि झटक्याने परत यायची, जरा गोल वळत, न थकता. मग वेग कमी झाला, आणि ती थांबली. मामंजी माझ्याकडे बघत होते आणि आता त्यांना मी दिसत होते.

“तुम्ही आत्ता यांच्या कानाच्या आत बघितलंत,” डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. कानाच्या आत, ऐकण्याच्या शंखाला लागूनच, दोन इवल्या पिशव्या असतात. त्यांत एका चिकट साईवर चुन्याचे कण बसलेले असतात, अगदी बारीक वाळूसारखे. डोकं कललं की कण आपल्या वजनाने खाली ओढ घेतात आणि खाली कुठे, वर कुठे ते मेंदूला कळतं. त्यांच्या पलीकडे पाण्याने भरलेल्या तीन अर्ध्या कड्या, तीन दिशांना तोंडं केलेल्या. डोकं फिरलं की आतलं पाणी जरा मागे राहतं, आणि आपण फिरलो हे त्यावरून समजतं. मामंजींच्या उजव्या कानातले थोडे कण जागचे सुटले होते आणि एका कडीत जाऊन पडले होते. त्या कुशीला वळलं की ते कडीत घसरतात, पाणी हलवतात, माणूस स्थिर असताना ‘फिरतोस’ अशी खोटी वर्दी जाते. डोळे बिचारे ती वर्दी खरी मानून कामाला लागतात.

हे सगळं मला समजेपर्यंत मामंजी टेबलावर उठून बसले होते. त्यांनी सदरा नीट केला.

“म्हंजे डोक्यात ओळंबा पण हाय नि पाणसळ पण हाय,” ते म्हणाले. “नि माज्या पाणसळीत वाळू गेलीय.”

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पहिल्यांदा मामंजींकडे नीट बघितलं. “याहून चांगलं मलाही सांगता येणार नाही,” ते म्हणाले. मामंजींनी विचारलं की ही पाणसळ बसवलीय कशात. डॉक्टर म्हणाले, कानशिलाच्या हाडात. शरीरातलं सगळ्यांत टणक हाड. मामंजींनी पसंतीची मान डोलावली. कातळात खोदलेली विहीर ढासळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

परतीच्या एस.टी.त मामंजी शांत झोपले, अर्थात डाव्या अंगाला डोकं टेकून. माझी झोप मात्र उडाली होती. समोर ‘धूम्रपान करू नये’ अशी पाटी होती. ती वाचता वाचता मी मान डावी-उजवीकडे हलवून बघितली. अक्षरं जागेवर स्थिर. मग मान स्थिर ठेवली आणि हातातलं तिकीट तेवढ्याच वेगाने डोळ्यांसमोर हलवलं. अक्षरं पुसली गेली. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच. म्हणजे मी मान हलवते तेव्हा कानातलं पाणी डोळ्यांना आधीच सांगतं, आणि डोळे तेवढेच उलटे वळतात, म्हणून जग जागेवर राहतं. आयुष्यभर राहिलं होतं. दर पावलाला, दर नकाराला, नदीवर धुणं आपटताना, उड्या मारताना. मी एकदाही त्याला काम सांगितलं नव्हतं. शेंगदाण्याएवढ्या जागेत एवढा कारभार चाललेला, आणि मी त्याला अर्धं मिनिट देत होते! पलीकडच्या बाकावरची बाई आपल्या मुलाला माझ्यापासून दूर ओढून बसली. मला त्याचं काही वाटलं नाही. मला भरून आलं होतं.

उपाय औषधाचा नव्हता. खाटेच्या कडेला बसायचं, झटक्यात एका कुशीला पडायचं, फेरा निवळेपर्यंत थांबायचं, उठून बसायचं, मग दुसऱ्या कुशीला. सकाळ-संध्याकाळ. वाळू पांगेपर्यंत. ज्या गोष्टीची भीती, तीच रोज करायची होती. मी आकडे मोजायची. पहिले काही दिवस मामंजी पडताना खाटेची कड धरायचे आणि पांढरेफटक व्हायचे, पण एकदाही नको म्हणाले नाहीत. बाराव्या की तेराव्या दिवशी ते उजव्या कुशीवर पडून राहिले आणि उठेनात. मी तीसच्या पुढे गेले.

“काय झालं, मामंजी?”

“पाव्हणा नाय आला,” ते म्हणाले. आणि आणखी थोडा वेळ तसेच पडून राहिले, दारातल्या माडाकडे बघत. माड उभा होता.

पुढच्या शिमग्याला पुढचा दांडा पुन्हा त्यांच्या खांद्यावर होता. मानकऱ्यांनी कुरकुर केली, मग ऐकलं. काकीच्या मुलाचं पत्रही पुढे आलं, आणि दोन वर्षांनी तो स्वतः आला. पण फेरा आला नाही त्या दिवशी यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. त्या दिवशी मामंजींनी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले आणि म्हणाले, “मानकऱ्यांना मग सांगू. आदी वैनीला.”

मी म्हटलं, “आत्ताच कशाला? जरा पत्र येऊ दे की.”

“नि नाय आला तर? खोट्या हातावर किती दिस उभी ऱ्हाणार ती?” मग म्हणाले, “तू पण चल. कानाचा तू सांग. मना नाय जमायचा.”

मी शाळेतला कानाचा तक्ता गुंडाळून काखेत मारला. आज आठवलं की हसू येतं. एका आईची आशा काढून घ्यायला आम्ही निघालो होतो, आणि सोबत तक्ता! काकीच्या पडवीत तो खुंटीला टांगला आणि मी छडीऐवजी पळीने दाखवत सगळं सांगितलं. शंख, पिशव्या, कड्या, वाळू. सांगताना माझा आवाज वर्गात होतो तसा झाला नाही. काकी हाताची घडी घालून ऐकत होती. मग उठली, तक्त्याजवळ गेली आणि त्या तीन कड्यांवरून सावकाश बोट फिरवलं.

“येवढा सगळा कानात?”

“हो काकी.”

“नि ह्या कोणी केलान?”

पुस्तकात तो प्रश्न नव्हता आणि एस.टी.तल्या त्या तासाभरानंतर मला तो अडाणीही वाटेना.

मामंजी पायरीवरच उभे होते. आत आले नव्हते. “वैनी,” ते म्हणाले, “देवी नव्हती. मी पडत व्हतंव. कायतरी धरायला पायजे म्हणून तुमचा हात धरला. मी तुमाला काय सांगितला नाय. मना काय ठावक पण नाय.”

मला वाटलं, आता काकी रडेल, किंवा आम्हाला जा म्हणेल. मी खुंटीवरचा तक्ता काढायला हात वर केला.

तिने आपलं मनगट दुसऱ्या हाताने धरलं, वळ उठले होते तिथे. आता तिथे काही नव्हतं.

“भावजी,” ती म्हणाली, “आठ म्हयने मी पण पडतच व्हते. त्या दिवशी तुमी धरलात, तवापासून उभी हाय. आता आत येवा, च्या टाकते.”